ओबामांचं सोयीचं उत्तर

बराक ओबामा हे नाव निघालं की आपल्याकडची बरीच माणसं अजूनही हळवी होतात. वडील केनियाचे, बालपणाची काही वर्षं इंडोनेशियात गेलेली, मधलं नाव हुसेन. असा माणूस २००८ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला, तेव्हा मराठी मुसलमानांच्या घरांतही आनंद झाला होता. मलाही झाला होता आणि तो खोटा नव्हता. पण त्याच निवडणुकीत समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर उमेदवार ओबामांनी जी भूमिका घेतली, तिच्याविषयी आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. मला ती भूमिका खटकते. नंतर त्यांनी ती बदलली, इतिहासाने त्यांना माफ केलं, तरी माझी निराशा कमी होत नाही. का, ते सांगतो.

आधी घटनाक्रम पाहू. १९९६ मध्ये ओबामा इलिनॉय राज्याच्या सिनेटसाठी उभे होते. शिकागोतल्या समलिंगी समाजाच्या 'आउटलाइन्स' या वृत्तपत्राने उमेदवारांना एक प्रश्नावली पाठवली. ओबामांनी लेखी उत्तर दिलं की समलिंगी विवाह कायदेशीर करण्याच्या बाजूचा मी आहे आणि अशा विवाहांवर बंदी घालण्याच्या प्रयत्नांविरुद्ध मी लढेन. उत्तरात पण-परंतु काही नव्हतं. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच प्रश्नावर त्यांचं उत्तर 'अजून ठरवलेलं नाही' असं झालं. २००४ मध्ये अमेरिकन सिनेटची निवडणूक आली, तोवर विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, हे त्यांचं मत बनलं होतं आणि त्याला धर्माचा आधारही मिळाला होता. मतदारसंघ जसजसा मोठा होत गेला, तसतसं मत आक्रसत गेलं.

मग १६ ऑगस्ट २००८. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये पाद्री रिक वॉरन यांनी ओबामा आणि जॉन मॅकेन या दोन्ही उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. विवाहाची व्याख्या करा, असा प्रश्न आला. ओबामा म्हणाले, विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं मीलन, आणि ख्रिस्ती म्हणून माझ्यासाठी ते पवित्रही आहे, त्यात देव आहे. सभागृहात टाळ्या झाल्या. सारा देश टीव्हीवर पाहत होता.

हे उत्तर त्यांच्या मनातलं असतं, तर माझी तक्रार वेगळी असती. एखादा माणूस श्रद्धेने तसं मानत असेल तर त्याच्याशी वाद घालता येतो, मतभेद ठेवून त्याचा आदरही करता येतो. पण त्यांचे सगळ्यात जवळचे सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांनी २०१५ मध्ये 'बिलिव्हर' या आपल्या पुस्तकात लिहिलं की ओबामांचा समलिंगी विवाहाला मनातून पाठिंबाच होता. कृष्णवर्णीय चर्चमधून तीव्र विरोध होईल, असा सल्ला मिळाल्यावर नाइलाजाने त्यांनी ती भूमिका झाकली. ओबामांनी त्यावर खुलासा केला की माझ्या वैयक्तिक भावना आणि धोरण यांची ॲक्सेलरॉड गल्लत करत आहेत. खुलासा खरा मानला तरी प्रश्न सुटत नाही, उलट अवघड होतो. सॅडलबॅकमध्ये त्यांनी धोरण म्हणून काही सांगितलं नव्हतं. 'ख्रिस्ती म्हणून माझ्यासाठी' असं सांगितलं होतं. राजकारणासाठी मत झाकणारे पुढारी पुष्कळ असतात. इथे मत झाकायला देवाचं नाव वापरलं गेलं. हे माझं पहिलं दुखणं.

दुसरं दुखणं परिणामांचं आहे. त्या वर्षी १५ मे रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार दिला होता. जूनच्या मध्यापासून विवाह सुरू झाले आणि नोव्हेंबरपर्यंत सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्नं केली. हा अधिकार काढून घेण्यासाठी 'प्रपोझिशन ८' नावाची घटनादुरुस्ती त्याच ४ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर होती. ओबामांचा या दुरुस्तीला विरोध होता, हे मान्य केलंच पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका क्लबला पत्र लिहून त्यांनी तिला भेदभाव करणारी म्हटलं होतं. पण पत्र गेलं एका क्लबला आणि टीव्हीवरचं वाक्य गेलं साऱ्या देशाला. बंदीच्या समर्थकांनी तेच वाक्य उचललं. ओबामांचा फोटो आणि त्यांचे शब्द छापलेली पत्रकं वाटली. ज्या दुरुस्तीला उमेदवाराचा विरोध, तिच्या प्रचारात त्याच उमेदवाराची साक्ष!

निकाल असा लागला की कॅलिफोर्नियाने ओबामांना सुमारे ६१ टक्के मतं दिली आणि त्याच दिवशी ५२ टक्क्यांनी ती दुरुस्तीही मंजूर केली. म्हणजे लाखो मतदारांनी एका हाताने ओबामांना मत दिलं आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्याच्या लग्नाचा अधिकार काढून घेतला. पराभवाचं खापर मात्र कृष्णवर्णीय मतदारांवर फुटलं. मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीचा एक आकडा धरून त्यांना दोषी ठरवलं गेलं. तो आकडा फुगलेला होता, हे नंतरच्या अभ्यासाने दाखवलं. पण ज्या एका माणसाचं त्या समाजाने मन लावून ऐकलं असतं, तो माणूस स्पष्ट बोलला नाही, हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही. पुढे २० जानेवारी २००९ च्या शपथविधीत प्रार्थनेचा मान मिळाला तो त्याच रिक वॉरन यांना. वॉरन यांनी 'प्रपोझिशन ८' ला जाहीर पाठिंबा दिलेला होता.

काही जण म्हणतात, ओबामा सिव्हिल युनियनच्या बाजूने तर होते. नाव वेगळं असलं तरी हक्क तेच, मग अडलं कुठे? अडलं हे की हक्क तेच नव्हते. १९९६ च्या 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट'मुळे केंद्र सरकार अशा कोणत्याही नात्याला मानत नव्हतं. हजाराहून अधिक केंद्रीय तरतुदींमध्ये, म्हणजे करापासून पेन्शनपर्यंत, विवाहित असण्याला अर्थ होता आणि त्या साऱ्या या जोडप्यांना बंद होत्या. एडिथ विंडसर आणि थिआ स्पायर या दोघी चार दशकं एकत्र राहिल्या आणि २००७ मध्ये कॅनडात त्यांनी लग्न केलं. २००९ मध्ये स्पायर वारल्या. मागे राहिलेल्या विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. नवरा वारला असता तर त्यांना एक डॉलरही भरावा लागला नसता. तो कायदा रद्द करू, असं आश्वासन उमेदवार ओबामांनी दिलं होतं. अध्यक्ष झाल्यावर मात्र त्यांच्याच न्याय खात्याने २००९ मध्ये न्यायालयात त्याचा बचाव केला. तो बचाव थांबायला फेब्रुवारी २०११ उजाडावं लागलं.

आणि 'वेगळं पण समान' ही भाषा ओबामांच्या तोंडी तर अजिबात शोभत नव्हती. त्यांच्या आईवडिलांचं लग्न १९६१ मध्ये हवाईत झालं. आई गोरी, वडील आफ्रिकन. त्या वर्षी अमेरिकेतल्या वीसहून अधिक राज्यांत असं लग्न गुन्हा होतं. १२ जून १९६७ च्या 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' या निकालाने ती बंदी उठली. पुढच्याच वर्षी गॅलपच्या पाहणीत जेमतेम २० टक्के अमेरिकनांना गोऱ्या-काळ्यांची लग्नं मान्य होती. म्हणजे हा प्रश्न तेव्हा मतपेटीत टाकला असता तर ओबामांच्या आईवडिलांचं लग्न हरलं असतं. व्हर्जिनियाच्या न्यायाधीशाने लव्हिंग जोडप्याची शिक्षा कायम ठेवताना देवाचंच नाव घेतलं होतं. देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, अर्थात ते मिसळू नयेत ही त्याची इच्छा, असा त्याचा तर्क होता. त्या खटल्यातल्या मिल्ड्रेड लव्हिंग यांनी २००७ मध्ये, निकालाच्या चाळिसाव्या वर्षी, समलिंगी विवाहाच्या हक्काला उघड पाठिंबा दिला. साध्या घरातल्या त्या बाईला जे बोलता आलं, ते हार्वर्डमध्ये कायदा शिकलेल्या आणि शिकागोत राज्यघटना शिकवणाऱ्या उमेदवाराला पुढच्या वर्षी बोलता आलं नाही.

आता मी त्या मुद्द्याकडे येतो, जो मुसलमान वाचकांनी नीट पाहावा असं मला वाटतं. त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटला ओबामांची सभा झाली. मंचामागे, कॅमेऱ्यात दिसेल अशा जागी बसायला निघालेल्या दोन मुस्लिम तरुणींना प्रचार कार्यकर्त्यांनी अडवलं. कारण त्यांच्या डोक्यावर हिजाब होता. नंतर माफी मागितली गेली, ओबामांनी स्वतः फोन केला. पण कार्यकर्त्यांना ते सुचलं कुठून? ओबामा मुसलमान आहेत, ही अफवा विरोधक पसरवत होते आणि प्रचारयंत्रणा तिला 'बदनामी' म्हणून खोडत होती. ते मुसलमान नाहीत, हे खरंच होतं. पण मुसलमान असणं ही बदनामी कशी? हा प्रश्न त्या निवडणुकीत ज्याचं सगळ्यांनी ऐकलं असा माणूस विचारायला उभा राहिला तो रिपब्लिकन पक्षाचा. १९ ऑक्टोबर २००८ रोजी कॉलिन पॉवेल टीव्हीवर म्हणाले की ओबामा मुसलमान नाहीत हे बरोबर उत्तर आहे, पण खरं बरोबर उत्तर असं की असते तरी काय बिघडलं? अमेरिकेतल्या मशिदीला भेट द्यायला अध्यक्ष ओबामांना फेब्रुवारी २०१६ उजाडलं, म्हणजे कारकिर्दीचं शेवटचं वर्ष.

जूनमध्ये हिजाब कॅमेऱ्याबाहेर, ऑगस्टमध्ये समलिंगी जोडपी व्याख्येबाहेर. दोन्हींमागचा हिशेब एकच होता. ही माणसं आपलीच आहेत, मतं आपल्यालाच देणार, दुसरीकडे जाणार कुठे? मग त्यांना थोडं मागे बसवलं तरी चालतं. ज्याला कधी ना कधी असं मागे बसवलं गेलं आहे, त्याने निदान हा हिशेब ओळखावा.

इथे काही वाचक मला थांबवतील. म्हणतील, तुम्ही मुसलमान असून समलिंगी विवाहाची वकिली करता? आपला धर्म काय सांगतो, ते माहीत नाही का?

माहीत आहे. आपले उलेमा याविषयी काय म्हणतात ते मी ऐकलेलं आहे आणि कोणत्या मौलवींनी कुणाचा निकाह लावावा हा या लेखाचा विषयच नाही. विषय आहे सरकारी नोंदणीचा. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याखाली हिंदू मुलगी आणि मुसलमान मुलगा लग्न करू शकतात. दोन्हीकडच्या धर्मगुरूंना ते मान्य नसलं तरी कायदा ते लग्न मानतो, पत्नीला वारसा देतो, मुलांना बापाचं नाव देतो. धर्माने न मानलेलं लग्न सरकारने मानल्यामुळे आजवर ना कुठली मशीद पडली, ना कुठलं मंदिर. धर्माची मान्यता आणि कायद्याची मान्यता या दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या राहण्यातच अल्पसंख्याकांचं हित आहे.

नाही तर काय होतं, तेही पाहा. 'प्रपोझिशन ८' नंतर वर्षभराने, २९ नोव्हेंबर २००९ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झालं. प्रश्न होता मशिदींच्या मिनारांवर बंदी घालावी का. साऱ्या देशात मिनार होते चार. ५७.५ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं आणि बंदी राज्यघटनेत गेली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात न्यायालयांनी शरियतचा विचारही करू नये अशी घटनादुरुस्ती सुमारे ७० टक्के मतांनी मंजूर झाली. ती थांबवली न्यायालयाने, अल्पसंख्याकांच्या हक्कांवर मतदान घेता येत नाही याच तत्त्वाच्या आधारावर. कॅलिफोर्नियात ५२ टक्क्यांनी कुणाचं लग्न मोडणं योग्य असेल, तर ओक्लाहोमाचे ७० टक्के चूक कसे? आपल्यावर आली की राज्यघटना आठवायची आणि दुसऱ्यावर आली की बहुमत, असं चालत नाही. 'ख्रिस्ती म्हणून माझ्यासाठी' या शब्दांवर कायदा बेतला जावा, याला टाळी वाजवणाऱ्या मुसलमानाने उद्या 'हिंदू म्हणून माझ्यासाठी' हे शब्द ऐकण्याची तयारी ठेवावी.

मुसलमान राहून वेगळी भूमिका घेता येते, याचं उदाहरणही अमेरिकेतच आहे. कीथ एलिसन हे अमेरिकन संसदेत निवडून गेलेले पहिले मुसलमान. मिनेसोटात २०१२ मध्ये समलिंगी विवाहबंदीची घटनादुरुस्ती मतदानाला आली, तेव्हा त्यांनी तिच्याविरुद्ध उघड प्रचार केला. दुरुस्ती पडली. एलिसन निवडून आले.

शेवटचा आणि सगळ्यात हुशार युक्तिवाद असा की ओबामांनी केलं ते शहाणपणाचंच होतं. २००८ मध्ये खरं बोलले असते तर कदाचित हरले असते. जिंकले म्हणून सोतोमायर आणि केगन या दोन न्यायमूर्ती नेमता आल्या, आणि २६ जून २०१५ च्या पाच विरुद्ध चार अशा निकालात त्या दोघी पाचांत होत्या. तेव्हा थोडं खोटं बोलून मोठं काम झालं.

या युक्तिवादात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. लोकांचं मत हा जणू पाऊस असतो आणि पुढाऱ्याने फक्त छत्री धरून तो थांबण्याची वाट पाहायची. प्रत्यक्षात काय झालं? मे २०१२ मध्ये उपाध्यक्ष जो बायडन टीव्हीवर बोलून गेले, आणि तीन दिवसांनी, ९ मे रोजी, ओबामांनी समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा दिला. त्यांच्या आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनात ६१ टक्क्यांनी बंदी मंजूर झाली होती. १९ मे रोजी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेने पाठिंब्याचा ठराव केला. नोव्हेंबरमध्ये मेरीलँडमध्ये, जिथे दर दहांपैकी सुमारे तीन माणसं कृष्णवर्णीय आहेत, समलिंगी विवाहाच्या बाजूने सार्वमत जिंकलं गेलं. ओबामाही पुन्हा निवडून आले. ज्या समाजाच्या भीतीने चार वर्षं जीभ आवरली, तो समाज ऐकायला तयार होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. चर्चमधले पाद्री म्हणजेच समाज, असं धरून चाललं गेलं.

हे गृहीतक आपल्याला नवं नाही. १९६६ मध्ये हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत तोंडी तलाकविरोधात मोर्चा काढला. त्या सातजणींनाही समाज म्हणावं, हे कुठल्याच पक्षाला सुचलं नाही. १९८५ मध्ये शाहबानो निकालाचं समर्थन करायला राजीव गांधींच्या सरकारने आरिफ मोहम्मद खान यांना संसदेत उभं केलं आणि काही महिन्यांत धर्मगुरूंची नाराजी पाहून पाय मागे घेतला. १९८६ चा कायदा आला. पोटगी मागणाऱ्या बाईला तेव्हा हेच सांगितलं गेलं असेल की वेळ योग्य नाही, समाज तयार नाही. समाज कधीच तयार नसतो. पुढारी बोलतात, भांडतात, मतं गमावण्याचा धोका घेतात, तेव्हा तो तयार होऊ लागतो.

आपल्या देशात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुप्रियो खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि प्रश्न संसदेकडे टाकला. त्या खटल्यात विरोध करणाऱ्यांमध्ये केंद्र सरकार होतं आणि जमियत उलेमा-ए-हिंदही होती. एरवी एकमेकांकडे न पाहणारे या प्रश्नावर एका बाकावर बसले. २०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने अशा जोडप्यांच्या सिव्हिल युनियनला मान्यता देणारा कायदा आणण्याचं वचन दिलं, तेही 'व्यापक विचारविनिमयानंतर'. म्हणजे ओबामांचं २००८ चं उत्तर आपल्याकडे सोळा वर्षांनी येऊन पोचलं. निदान आलं, हेही खरं. पण त्या जाहीरनाम्यातली ती ओळ प्रचारसभेत माइकवर किती उमेदवारांनी वाचली, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ओबामांवर माझा राग एवढाच की त्यांना ठाऊक होतं. अज्ञानी माणसाला समजावता येतं, कट्टर माणसाशी भांडता येतं. ज्याला ठाऊक आहे आणि जो मतांसाठी देवाच्या नावाने वेगळं सांगतो, त्याच्यापुढे ज्यांचं आयुष्य पणाला लागलं आहे ती माणसं काय करणार? वाट पाहणार. थिआ स्पायर वाट पाहतच गेल्या. तेव्हा उद्या दारात येणारा उमेदवार, कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही धर्माचा, 'आपल्या लोकांचं' मन सांभाळतो म्हणाला, तर आपण त्याला थांबवून विचारलं पाहिजे की आमचं मन तू कुणाला विचारलंस? आणि आमच्यासाठी तू आज कुणाला मागे बसवतो आहेस?